मंगळवारची सुकट

थप्पड बसली तेव्हा द्वारका मुबारकबीच्या टोपलीपाशी उकिडवी बसली होती आणि पावशेर सुकट बांधलेला पुडा तिच्या हातात नुकताच आला होता. आवाज काही फार मोठा नव्हता. ओलं धुणं दगडावर एकदाच आपटावं, तेवढा. नगरला लागून असलेल्या भिंगारच्या मंगळवारच्या बाजारात एवढ्या आवाजाला कुणी मान वळवायचं कारण नव्हतं. तिथं सोडावॉटरवाले ओरडत होते, कोंबड्या ओरडत होत्या, लष्करी लॉऱ्या धूळ उडवत चालल्या होत्या. पण आवाजापाठोपाठ एक सायकल आडवी पडली, तिच्यावरच्या फायली पसरल्या, एक काळी टोपी गडगडत गटाराच्या काठापर्यंत गेली, आणि एक बारकासा माणूस गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी धूळ चाचपू लागला. त्याचा चष्मा पडला होता. समोर उभा असलेला तांबडा, उंच गोरा सोल्जर आपला उजवा हात पँटीला पुसत होता. चाचपणारा माणूस "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत होता आणि ते तो भलत्याच दिशेला तोंड करून म्हणत होता, कारण सोल्जर कुठं उभा आहे हे त्याला दिसत नव्हतं. सोल्जरबरोबरचे दोघे हसले. सोडावॉटरवाला हसला. मग आणखी कुणीतरी हसलं, बारीक, उंच आवाजात, उचकी लागल्यासारखं. ते हसणं आपल्याच तोंडातून निघालंय हे द्वारकेला कळायला थोडा वेळ लागला. धूळ चाचपणारा माणूस तिचा नवरा होता.

मुबारकबीनं तिच्याकडे पाहिलं. म्हातारीचे डोळे लहान पण पक्के होते. तिनं टोपलीवरचं फडकं ओढून घेतलं आणि हळूच म्हटलं, "बेटी, खाली बघून जा. इकडच्या वाटेनं." द्वारकेनं पदर कपाळावर ओढला, पुडा पोटाशी धरला आणि कापडाच्या पालांमागून ती निघाली. पाठीमागं रामनाथ अजून चाचपत होता. चष्मा त्याच्या डाव्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडला होता. तिला तो स्पष्ट दिसला होता. चार पावलं पुढं जाऊन तो उचलायचा आणि त्याच्या हातात द्यायचा, एवढंच काम होतं. ते तिनं केलं नाही. पुढं कितीतरी दिवस, पीठ मळताना, भांडी घासताना, तिला ती चार पावलं आठवत राहिली, आणि दर वेळी ती टोपलीपाशीच बसलेली असायची.

ती तिथं असायलाच नको होती, हे तर झालंच. वेंगुर्ल्याहून नगरला येऊन त्यांना तेव्हा सात महिने झाले होते. लढाईमुळे रामनाथला लष्करी डेपोत कारकुनाची नोकरी लागली होती, आणि माळीवाड्यात राहीबाईच्या घरात माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. राहीबाई विधवा, माळकरीण, तोंडानं फटकळ आणि हातानं उदार. तिनं खोल्या दाखवतानाच गळ्यातली तुळशीची माळ चिमटीत धरून सांगितलं होतं, "कांदा खावा, लसूण खावा, मला काय न्हाई. पर मासळी-मटन माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई. तसं आलं तर त्याच दिशी बोचकं उचलायचं." मासे खाणाऱ्या सारस्वताच्या पोटी जन्मलेल्या रामनाथनं घसा खाकरला आणि मान डोलवली. दोघांच्या वतीनं डोलवली. लढाईच्या दिवसांत नगरात खोली मिळणं म्हणजे देव पावण्यासारखं होतं. माणूस त्या वेळी कशालाही मान डोलवतो. पण द्वारकेनं जे मनाशी धरलं ते निराळं होतं. त्यांच्याकडे मासळी म्हणजे ताजी मासळी. सुकट, सुके बोंबील ही काही मासळी नव्हे. ती पापड-सांडग्यांच्या बरोबरीनं डब्यात भरून ठेवायची वस्तू. तिची आजी संकष्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातून फक्त बांगडा हलवायची, सुकटीचा डबा नाही. राहीबाई 'मासळी' म्हणाली होती. सुकटीचं नाव तिनं घेतलं नव्हतं. असा हिशेब वेंगुर्ल्याच्या बाईखेरीज दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला नसता, आणि तो रामनाथच्याही डोक्यात येत असणार, असं द्वारकेला वाटायचं. कारण नगरात आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तोच एका संध्याकाळी म्हणाला होता की मंगळवारी भिंगारच्या बाजारात एक म्हातारी सुकट घेऊन बसते, साऱ्या नगरात तेवढी एकच, आणि तिच्या पुढून सायकल नेताना पाय आपोआप हळू होतात. बोलून झाल्यावर तो बराच वेळ बाजरीच्या भाकरीकडे बघत बसला होता.

भाकरी हे दुसरंच दुखणं. रेशनवर तांदूळ मिळायचा तो मूठभर, त्यातले निम्मे खडे. मग बाजरी. बाजरीचं पीठ द्वारकेच्या हाताचं ऐकायचं नाही. भाकरी तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे व्हायचे. राहीबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून हे बघायची आणि पोट धरून हसायची. "बाय गं, हात असा ठिव. तिला मारायचं न्हाई, थापटायचं," म्हणायची. द्वारकाही हसायची. ते पहिले महिने हसण्याचे होते, हे नंतर तिच्या ध्यानात आलं. तोफांनाही ती हसायची. भिंगारच्या पलीकडच्या माळावर रणगाड्यांचा सराव चाले. सकाळी दहाच्या पुढं कधीही धडाका व्हायचा, फळीवरच्या वाट्या किणकिणायच्या आणि द्वारका हातातलं टाकायची. दूध टाकलं, ताक टाकलं, एकदा डब्यातलं पीठ अंगावर घेतलं. आणि टाकलं की हसायची. भीती वाटली की तिला हसू यायचं. लहानपणापासूनची खोड होती ती. वेंगुर्ल्याच्या वाळूवर रापणीचं मोठं जाळं ओढलं की ती आजीबरोबर मासळी घ्यायला जायची. एकदा जाळ्यात हातभर लांबीची मुशी, म्हणजे लहान शार्क मासा, आली. ती मरेना. एका रापणकरानं वल्हं घेऊन तिच्या डोक्यात घातलं, पुन्हा घातलं, मुशी उसळत राहिली, वाळू तांबडी होत गेली, तो घालत राहिला. सात वर्षांची द्वारका मोठमोठ्यानं हसत होती. आजीनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तिथं आठ दिवस काळं होतं. "हसतंस कित्याक गो?" आजीनं विचारलं होतं. का हसतेय, हे तिला तेव्हाही सांगता आलं नव्हतं.

त्या मंगळवारी रामनाथ नेहमीच्या वेळेला घरी आला. गाल सुजला होता आणि त्यावर चार बोटं उमटली होती, एकेक मोजून घ्यावं अशी. चष्म्याची डावी काच तडकली होती. "सायकलीवरसून पडलंय," तो म्हणाला. द्वारकेनं बरं म्हटलं. तिनं हळद उगाळली, ती गरम केली आणि त्याच्या गालावर लावू लागली. बोट लावताना तिला कळेना की हळद एकसारखी पसरावी की बोटाबोटाच्या वळावरून फिरवावी. शेवटी ती वळांवरूनच फिरवत गेली, आणि दोघेही हँडल कसं तोंडावर आपटलं याबद्दल बोलत राहिले. तो म्हणाला की रस्त्यात दगड होता. ती म्हणाली की इथले रस्तेच मेले असे. पुडा तोवर तांदळाच्या डब्यात, सगळ्यात खाली, दोन फडक्यांत गुंडाळून गेला होता. एक गोष्ट मात्र तिला आतून पोखरत होती. थप्पड बसायच्या आधी रामनाथ सायकलीवरून मान वळवून मुबारकबीच्या टोपलीकडे बघत होता. त्यानंच सायकल कलली आणि चाक त्या गोऱ्याच्या बुटाला लागलं. तो सुकटीच्या वासानं बघत होता, की टोपलीपाशी बसलेल्या बाईकडे बघत होता? तिच्या अंबाड्यात अबोलीचा वळेसार, वेंगुर्ल्याकडचा गजरा, होता. नगरात अबोली कोण माळतं? तीच एकटी, जिन्याखालच्या मडक्यात लावलेल्या रोपाची फुलं तोडून. तिनं त्या रात्री वळेसार चुलीत टाकला.

आठ-दहा दिवस गेले. गालावरची बोटं निळी झाली, पिवळी झाली, गेली. मग एका संध्याकाळी राहीबाई माडीवर आली होती आणि द्वारकेची भाकरी पहिल्यांदाच अखंड उतरली, पण तव्यावर पडताना उलटी पडली. दोघी हसत सुटल्या. द्वारकेचं ते उंच हसणं जिन्यापर्यंत गेलं. त्याच वेळी रामनाथ वर आला. राहीबाई पदर सावरून खाली गेली. रामनाथनं सायकलीची किल्ली खुंटीला लावली. मग तो खिडकीपाशी गेला. वेंगुर्ल्याच्या सवयीनं ते खिडकीला जनेल म्हणायचे. गल्लीकडचं ते दोन फळ्यांचं जनेल त्यानं शांतपणे लावलं, कडी घातली. चष्मा काढून कोनाड्यात ठेवला. द्वारकेला वाटलं की तो तोंड धुणार आहे. तो तिच्यापुढं येऊन उभा राहिला, उजवा हात पाठीमागून आणला आणि तिच्या गालावर मारला. तिच्या कानात शिटी वाजायला लागली. "इतक्या हसूक काय झाला?" त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. डेपोत एखाद्या मजुराला पावतीबद्दल विचारावं, तसा होता.

तिथून सुरू झालं. दर आठवड्याला असं नाही. कधी चार दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी. भात करपला म्हणून, कंदिलाची काच काळी राहिली म्हणून, पण बहुतेक वेळा ती हसली म्हणून. आधी जनेल, मग चष्मा, मग हात. या क्रमात त्यानं कधी चूक केली नाही, कारकून माणूस. आणि द्वारकेनं पाहिलं की तो हात नेहमी तसाच येतो, कोपर आधी मागं, मग तळवा सपाट, डाव्या गालावर. वेंगुर्ल्यात लग्नाच्या सहा वर्षांत त्यानं तिच्यावर बोट उचललं नव्हतं. त्याला मारता येत नव्हतं. हे तो इथं शिकला होता, एका दिवसात, एकदाच बघून, आणि ज्याच्याकडून शिकला त्याचा तांबडा हात साऱ्या गल्लीत तिला एकटीलाच माहीत होता. मार खाताना तिला राग यायचा, पण तो कुणावर धरावा ते तिला कळायचं नाही. समोर रामनाथ असायचा आणि तिला दिसायचा तो गोरा. आणि मग गोऱ्याच्या समोर गुडघ्यांवर रामनाथ. आपण तोंड उघडलं, मी पाहिलंय असं नुसतं म्हटलं, तर हा माणूस पुन्हा हात उचलणार नाही हे तिला कळत होतं. आणि हेही कळत होतं की तो मग तिच्याबरोबर एका छपराखाली राहू शकणार नाही. डेपोतला एखादा दोर घेईल, नाहीतर न सांगता गाडीत बसून निघून जाईल. म्हणून ती गप्प राहायची आणि मार खायची, आणि त्याला वाचवतेय असं मनाशी म्हणायची. ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्याच्या तळाशी आणखी एक होतं, ते ती म्हणायची नाही. तो विचारील, तू हसलीस का? त्या प्रश्नाला ती भीत होती.

तिनं हसणं सोडलं. पहिल्यांदा तोंडावर पदर धरायची, मग पदराचीही गरज राहिली नाही. तोफ झाली तर वाट्या किणकिणायच्या आणि ती हातातलं टाकायची, पण हसायची नाही. खाली बसून सांडलेलं गोळा करायची. राहीबाईनं विचारलं की बाय, आजकाल गप का गं? द्वारका म्हणाली की दाढ दुखते. राहीबाईनं लवंग दिली. ओठ फुटलेला होता. दाढेनं ओठ फुटत नाही, हे राहीबाईला ठाऊक नसेल असं नाही. पण माडीवरचं जनेल लागलं की खाली राहीबाईच्या घरात हरिपाठाचा आवाज मोठा व्हायचा, हेही द्वारकेनं ऐकलं होतं. समोरची झुंबरबाई दळायला बसायची. प्रत्येक घराला आपापली कामं असतात.

फाल्गुनात एक दिवस मोरीत विंचू निघाला. नगरी विंचू, काळा, बोटाएवढा. द्वारकेनं चुलीतलं जळकं लाकूड घेतलं आणि त्याच्यावर घातलं. नांगी वर आली. पुन्हा घातलं. तिसऱ्या वेळेला तो चिरडला, पण ती थांबली नाही. लाकूड फुटलं तर तिनं वरवंटा घेतला. फरशीवर काळा ओला डाग तेवढा उरला आणि ती त्या डागावर वरवंटा आपटत होती, आपटत होती, दात आवळून, आणि तिला सुख होत होतं. खरंच सुख होत होतं. आवाज ऐकून राहीबाई वर आली, दारातच थांबली. "अगं मेलं की ते," ती म्हणाली. द्वारकेनं वर पाहिलं तेव्हा तिच्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक; राहीबाई एक पायरी मागं सरली. त्या दिवशी दुपारभर द्वारका आपले हात बघत बसली. आपल्याला कुणाला मारायचं होतं, हे तिनं स्वतःला विचारलं. गोऱ्याला? तो तर केव्हाच लढाईवर गेला असेल, मेलाही असेल. रामनाथला? हो, रामनाथलाही. आणि टोपलीपाशी बसलेल्या त्या बाईला, जिला चार पावलं टाकता आली नाहीत. मारणं इतकं सोपं असतं हे तिला कळलं, आणि रामनाथबद्दल तिला जी कीव वाटायची ती त्या दुपारी कमी झाली. त्यालाही सुख होत असणार. जनेल लावताना, कडी घालताना त्याच्या खांद्यात एक सैलपणा यायचा, तो आता तिला उमगला.

त्यानंतरचा मार शेवटचा ठरला, पण ते तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. त्यात काही विशेष नव्हतं. ती हसलीसुद्धा नव्हती. रस्त्यावर कुणाची तरी पोर हसली, अशीच उंच, उचकीसारखी, आणि रामनाथ जेवता जेवता थांबला. त्याचं सगळं अंग कान झाल्यासारखं झालं. त्यानं द्वारकेकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे, ते बंद आहे का उघडं हे बघावं तसं. मग तो उठला, जनेल लावलं, चष्मा कोनाड्यात ठेवला. या वेळी त्यानं दोनदा मारलं. दुसऱ्या वेळी ती चुलीच्या कडेवर पडली आणि भुवईपाशी फाटलं. रक्त डोळ्यात उतरत असताना तिला एकदम समजलं. त्या दिवशी बाजारात त्याचा चष्मा पडला होता, पण कान जागेवर होते. धूळ चाचपताना त्यानं ते हसणं ऐकलं होतं. तेव्हापासून तो ते हसणं शोधतो आहे. ती हसली की तो ताडून बघतो, तेच का? आणि ठरत नाही म्हणून मारतो, किंवा ठरतं म्हणून मारतो. चार महिने ती जे त्याच्यापासून लपवतेय असं समजत होती, ते त्याच्याच कानात होतं.

पुढला शनिवार एकादशीचा होता. शनिवारी डेपो दुपारी एकला सुटायचा. द्वारकेनं सकाळीच तांदळाचा डबा ओतला आणि पुडा काढला. सुकट कोरडी, खडखडीत, जशीच्या तशी होती. मुबारकबीचा माल खोटा नव्हता. तिनं ती निवडली, डोकी-शेपट्या खुडल्या. मिरची, कांदा, आमसूल काढून ठेवलं. तोपर्यंत काही झालेलं नव्हतं. पुडा परत बांधता आला असता. साडेबाराला तिनं तवा तापवला. मग जनेलाच्या दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या, आणि सुकट तव्यावर टाकली.

वास उठला. त्या घरात असा वास आजवर कधी उठला नव्हता. तो जिन्यानं खाली गेला, जनेलातून गल्लीत गेला. द्वारकेच्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांतही पाणी आलं; वेंगुर्ल्याचं घर, पावसाळा, आजीची चूल, सगळं एकदम नाकात शिरलं. तिच्या भुवईवरची खपली ताणली गेली. हात मात्र स्थिर होता. खाली राहीबाईचा हरिपाठ मध्येच थांबलेला तिनं ऐकला.

रामनाथ जिना चढून आला तो अर्ध्यावर थबकला. मग सावकाश वर आला. टोपी काढली, हात धुतले, पाटावर बसला. तिनं वाढलं. रेशनचा उरलासुरला भात आणि त्यावर सुकट. तो जेवू लागला. पहिला घास त्यानं बराच वेळ तोंडात ठेवला आणि त्याचे डोळे मिटले. त्या क्षणी तो तिचा लग्नातला नवरा दिसला, अठ्ठावीस वर्षांचा, लाजरा. तीन घास झाल्यावर हात थांबला.

"खंयसून हाडलंस?"

"भिंगारच्या बाजारातसून."

"कधी?"

"त्या मंगळवारी," ती म्हणाली. कुठल्या, हे त्यानं विचारलं नाही.

तो ताटाकडे बघत राहिला. तडकलेल्या काचेमागचा डोळा तिला दिसत नव्हता. मग त्यानं खालच्या मानेनंच विचारलं, "ता हसणा तुझा हुता?"

नाही म्हणता आलं असतं. बाजारात काय एकच बाई असते? तो विश्वास ठेवायला तयार होता, हे त्याच्या वाकलेल्या मानेवरून कळत होतं. तो जवळजवळ तिची विनवणी करत होता. ती नाही म्हणाली असती तर कदाचित दोघांनाही बरं वाटलं असतं, महिनाभर.

"होय," ती म्हणाली. "माझाच."

रामनाथ उठला. हात न धुताच उठला. चष्मा काढून कोनाड्यात ठेवला आणि जनेलाकडे गेला. या वेळी क्रम चुकला होता. द्वारकाही उभी राहिली. तिनं हात तोंडापुढं धरला नाही.

"जनेल उघडा ऱ्हवांदे," ती म्हणाली. "मारूचा तर असाच मारा. तुमका भर बाजारात मारल्यान. माका फळयो लावन कित्याक?"

त्याचा हात फळीवर होता, सुकटीनं माखलेला. तो फळी ओढीना आणि सोडीनाही. त्याच वेळी खालून राहीबाईची हाक आली. "द्वारकाबाई! काय शिजतंय वर? आज एकादस हाय." द्वारकेला गंमत वाटली, कडू. चार महिने वरून जे आवाज गेले ते ऐकून कुणी हाक मारली नाही. वास गेला आणि हाक आली. बोचकं उचलावं लागणार हे उघडच होतं, कदाचित आजच. त्याचं तिला या घटकेला काहीच वाटलं नाही. गल्लीत पावलं जमत होती. बायकांची कुजबुज होती, कुणीतरी खोकलं, आणि एक पोर हसलं. रामनाथचं अंग ताठ झालं. तो जनेलात उभा होता, खाली सगळी तोंडं होती, आणि त्याला एकही दिसत नव्हतं. त्याचे ओठ हलले. तो कुठं बघावं ते न कळून भलतीकडेच तोंड करून उभा होता, आणि द्वारकेनं हे आधी एकदा पाहिलं होतं.

कोनाडा चार पावलांवर होता. ती गेली, चष्मा घेतला, पदरानं पुसला, तडकलेली काच जपून पुसली, आणि आणून त्याच्या हातात दिला. त्यानं तो तिच्याकडे न बघता डोळ्यांवर चढवला आणि खाली पाहिलं.

राहीबाई होती, समोरची झुंबरबाई पीठ माखलेल्या हातांनी उंबऱ्यात उभी होती, आणखी तीन-चार बायका होत्या. कुणीही हसत नव्हतं. पोर केव्हाच आपल्या खेळात पळून गेलं होतं. बायका आधी त्याच्याकडे बघत होत्या, मग त्याच्या खांद्यावरून मागं, द्वारकेच्या भुवईकडे, आणि पुन्हा त्याच्याकडे. एकीच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. राहीबाईनं वासासाठी नाकाला लावलेला पदर खाली घेतला. रामनाथ त्या तोंडांवरून नजर फिरवत गेला, एकेक करून, आणि एवढे दिवस कडी लावून आपण काय लपवत होतो ते त्याला कळलं असावं, कारण फळीवरचा त्याचा हात आपोआप खाली आला. फळीवर बोटांचे तेलकट डाग राहिले.

माळावर तोफ झाली. फळीवरच्या वाट्या किणकिणल्या. द्वारकेनं तोवर चुलीवरून सुकटीचा तवा उचलला होता; तो हलला नाही. तिनं तो खाली ठेवला आणि जनेल उघडं ठेवून ती स्वतःचं ताट वाढून घ्यायला बसली.